फुग्याचं शेपूट

११ मार्च, सोमवार, सकाळ

प्रिय ठिपक्या,

ताईचे आशीर्वाद. आई बरी आहे, मी बरी आहे, स्वयंपाकघरातला नळ तू गेलास तेव्हा ठिबकत होता तसाच ठिबकतो आहे.

तुझा पत्ता अक्षरकाकांनी दिला. देताना म्हणाले, "पत्ता देतो, पण बाई, पत्र लिहा. भाषण नको." तेव्हा प्रयत्न करते. तू हल्ली दुकानांच्या पाट्या रंगवतोस असं तेच म्हणाले. कुठल्याशा चष्मेवाल्याची पाटी त्यांनी पाहिली आणि 'च'च्या पोटावरून तुझा हात ओळखला. चाळीस वर्षं चित्रकथांमध्ये दुसऱ्यांच्या संवादांच्या फुग्यांत अक्षरं भरलेला माणूस, त्याला कोण फसवणार.

आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू शुक्रवारी काढला. उजव्याने तिला नुसता उजेड कळतो, म्हणजे पट्टी सुटेपर्यंत सगळा कारभार हातांवर आणि कानांवर चालला आहे. भिंती चाचपत शिवणाच्या मशीनपर्यंत जाते, बोट फिरवते आणि मला धूळ दाखवते. न दिसणाऱ्या माणसाने धूळ दाखवावी यासारखा अपमान नाही. पट्टी गुरुवारी सुटेल.

आता लिहिण्याचं कारण. प्रकाशनाच्या मालकांना आपल्या चित्रकथेचा नायक, खुंटा, परत हवा आहे.

तू पाहिलं नसशील, पण तू गेल्यावर दीड वर्षात त्यांनी त्याला मारला. एकशे एकोणिसाव्या अंकात अंगावर पूल पाडला. तोवर नव्या चित्रकाराने त्याला इतके दंड काढले होते की मान दिसेनाशी झाली होती. पूल पडला नसता तरी श्वास कोंडून गेला असता. त्या अंकाची कथा आणि संवाद माझेच. शेवटच्या चौकटीत ढिगाऱ्यातून बाहेर आलेला एक हात, आणि फुगा नाही. त्यालाही आता दीड वर्ष झालं.

शनिवारी मालकांनी बोलावलं. मी त्यांना ऐकवलं, उभं राहून. खुर्ची होती, पण बसून मला काही पटवता येत नाही. म्हटलं, आपल्या या प्रकारात कुणी कायमचं मरत नाही. दरीत पडलेला फांदीला लटकलेला सापडतो, जळालेला निघतो तो त्याचा जुळा भाऊ, पुरलेल्या पेटीत दगड निघतात. वाचक पहिल्यांदा रडतो, दुसऱ्यांदा वाट बघतो, तिसऱ्यांदा हसतो. माणसाला शोकाची थट्टा करायला शिकवणं याला मी करमणूक म्हणत नाही. जो मरूच शकत नाही, तो संकटापुढे उभा राहिला यात शौर्य कसलं? दगडही उभा राहतो.

मालकांनी चहा संपवला. म्हणाले, "बाई, आपल्या धंद्यात मेलेला म्हणजे रजेवर गेलेला. हजर कधी होतोय तेवढं सांगा."

आधी पहिले बारा अंक एका पुस्तकात बांधायचे, मग नवे अंक काढायचे, असा बेत आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर चार चौकटींत 'खुंट्याचा जन्म' हवा. "ती जिन्याची गोष्ट सभांमध्ये सांगता ना, तीच द्या. लोकांना पाठ आहे." गुरुवारी चार वाजता छपाईवाले काका पान न्यायला येणार.

मी हो म्हणून आले. जिन्याच्या गोष्टीबद्दल पुढे लिहिते. आई हाक मारते आहे.

सोमवार, दुपार

ती मारत नव्हती. उठायला मला निमित्त हवं होतं. उठून गॅलरीत गेले, परत आले, पेनात शाई भरली, ती आधीच भरलेली होती.

तुला आठवतं, मालकांना पहिल्यांदा खुंटा दाखवायला आपण गेलो तो दिवस? तू चित्रांची वही छातीशी धरून बसला होतास. ते म्हणाले, "याला उडता येतं?" नाही. "भिंतीपलीकडचं दिसतं?" नाही. "मग येतं काय?" मी म्हटलं, "उभं राहता येतं. जिथे उभा राहील तिथून त्याला कुणी हलवू शकत नाही." मालक म्हणाले, "तसे आमच्याकडे दोन कारकून आहेत."

मग नावावरून. खुंटा हे काय नाव झालं, वज्रबाहू ठेवा. मी म्हटलं, "खुंटा हलवून बळकट करतात, मालक. हलवून बघा." मग झग्यावरून. पाठीवर फडफडणारा झगा नसेल तर मुलं अंक हातात घेत नाहीत म्हणे. तू चिठ्ठीवर काहीतरी लिहून माझ्यापुढे सरकवलंस आणि मी ते वाचून दाखवलं: "एका जागी उभ्या माणसाला झगा कशाला? वारा कुठून आणू?" सगळं कार्यालय हसलं. माझ्याकडे बघून हसलं. विनोद तुझा होता आणि हसू माझ्या वाट्याला आलं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पुढच्या क्षणी मी ते विसरले. इतकी वर्षं आपलं असंच चाललं होतं. तू अडखळायचास, मी पूर्ण करायचे. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी.

चित्रकथाच का काढायच्या, असं मी तुला एकदा विचारलं होतं. तू म्हणालास, फुग्यात कुणी अडखळत नाही. एवढं बोलायला तुला बराच वेळ लागला होता आणि मी मधेच "फुग्यात कुणी" नंतर "भांडत नाही" असं घालून पाहिलं होतं. तू मान हलवलीस आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस.

बारावा अंक आठवतो ना. छापून आला तो घोटाळा घेऊनच. खुंट्याच्या वाक्याचा फुगा बरोबर होता, पण शेपूट चुकून मागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीच्या तोंडाकडे गेलं होतं. मी अक्षरकाकांना अर्धा तास झोडपलं. फुगा म्हणजे नुसती हवा, म्हटलं, शेपटावरून कळतं बोललं कोण. शब्द ज्याचे त्याला मिळालेच पाहिजेत. शब्दाची चोरी ही चोरीच, मग ती बोटाएवढ्या रेषेने केलेली का असेना. तीन हजार प्रतींवर कागदाचे तुकडे चिकटवायला लावले मी त्या माणसाला. तू त्यांच्या शेजारी बसून दोन दिवस डिंक लावत होतास. काका कुरकुरले, "शेपूट वाकडं गेलं हो, बाई." आणि तू, एकदाही न अडखळता, म्हणालास, "नळीत घालून बघा, काका."

त्यावर मीही हसले होते. आता लिहिताना हसू येत नाही.

मंगळवार

पुस्तकाची तपासायची पानं आली. आई म्हणाली, "वाच मोठ्याने. डोळे रजेवर आहेत तर कान कामाला लागू देत." (मालकांची गोष्ट मी तिला सांगितली होती.)

चित्रकथा मोठ्याने वाचून पाहिली आहेस कधी? फार अवघड जातं. खुंटा दाराशी उभा आहे, गुंड ट्रक घेऊन येतायत, हे सांगायचं आणि मग संवाद. ती दर वाक्याला अडवायची.

"हे कोण बोललं?"

"खुंटा."

"आणि हे?"

"गुंड."

"गुंड बरंच बोलतो गं."

म्हटलं, तशी रीतच आहे. आपल्या या गोष्टींत लांब भाषणं नेहमी खलनायकच ठोकतो. नायकाला खांबाला बांधून ठेवतो आणि आपला सगळा बेत पहिल्यापासून समजावून सांगतो. नायक तेवढ्यात दोरी सोडवतो. आई म्हणाली, "म्हणजे गप्प राहणाऱ्याचंच काम होतं." मी पान उलटलं.

मग ती चादरीची कड बोटांनी चाचपत, शिवण तपासावी तशी, म्हणाली, "तुम्हा बघणाऱ्यांचं बरं आहे. फुग्याला शेपूट असतं. मला काय, तू ज्याचं सांगशील त्याचं."

तिने सहज म्हटलं. किंवा नसेल म्हटलं सहज. तरी मी पहिल्या पानाचा माझा मसुदा वाचायला घेतला, कारण थांबले असते तर तिने कारण विचारलं असतं. 'वीज गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक आई होती, बाहेर जिन्यात एक चौदा वर्षांची मुलगी बसून होती. ती म्हणाली: मला काही येत नाही. पण मी जात नाही.'

"हे कोण बोललं?" आईने विचारलं.

"जिन्यातली मुलगी."

तिने चादरीची कड सोडली. नळाचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मी आत होते गं. अंधारात माणसाला आवाजच दिसतो."

मी विचारलं, मग शंभराव्या अंकाच्या समारंभात का नाही बोललीस, पहिल्या रांगेत तर होतीस. ती म्हणाली, "एक लेकरू टाळ्या घेत होतं, दुसरं उठून चाललं होतं. दोन कापडं दोन बाजूंना ओढली जात असली की माझा हात चालत नाही. मला वाटलं, तूच कधीतरी उसवशील." आणि चहा मागितला.

चहा केला. त्यात साखर दोनदा पडली. तिने तोही प्यायला.

बुधवार

आज तीन कागद फाडले. तिन्हींवर सुरुवातीला 'मुद्दा असा की' असं लिहिलं होतं. मुद्दा-बिद्दा काही नाही. काय झालं ते सांगते.

मी चौदाची, तू नऊचा. मी त्या दिवशी जिन्यात नव्हते, इमारतीतही नव्हते. मी वक्तृत्व स्पर्धेत होते. विषय होता 'शब्दाचं सामर्थ्य'. वीज गेली, आई गणवेशांच्या गठ्ठ्यासकट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली, मोठी माणसं मेकॅनिकला शोधायला पांगली. तू जाळीशी पायरीवर बसलास. आई आतून म्हणाली, घरी जा, अंधार आहे, तू बसून काय होणार. आणि तू म्हणालास, "म-मला काही येत नाही. पण मी जात नाही." दोन तास बसलास.

मी बक्षिसाची ढाल घेऊन जिना चढून आले तेव्हा सगळं संपलेलं होतं. तू मला सांगायला लागलास. खूप वेळ लागला. ढाल जड होती, हात दुखत होता, आणि मी पहिल्यांदाच तुझं वाक्य पूर्ण केलं नाही, कारण ते कुठे जाणार हे मला कळत नव्हतं. तुझी सगळी वाक्यं मला आधीच ठाऊक असायची, हे एक नव्हतं. तेव्हाच ते मला हवंसं झालं, ठिपक्या. 'येत नाही' आणि 'जात नाही'. मी शंभर पुस्तकं वाचून त्या दिवशी शब्दाच्या सामर्थ्यावर दहा मिनिटं बोलले होते आणि माझ्याकडे असं एकही वाक्य नव्हतं.

पुढे तू त्या वाक्याला हातपाय काढलेस आणि खुंटा झाला. मी त्याच्याभोवती कथा लिहिल्या. दर अंकात तो ते एकदा म्हणायचा. मग ते भिंतींवर आलं. दवाखान्यातल्या परिचारिका धरणं धरून बसल्या तेव्हा त्यांच्या फलकावर आलं. मला भाषणाला बोलावणी येऊ लागली, आणि लोक विचारू लागले, हे सुचलं कसं?

आपण एका गोष्टीला 'मागची शिवण उसवणं' म्हणायचो. नायकाचा भूतकाळ अडचणीचा झाला की गुपचूप बदलायचा आणि पहिल्यापासून असंच होतं अशा थाटात पुढे जायचं. सातव्या अंकात खुंट्याचा बाप मेलेला होता, एकविसाव्यात तो दूरदेशी गेलेला झाला, आणि आपण दोघं हसलो होतो. मीही तसंच केलं. पहिल्या सभेत म्हटलं, 'एक मुलगा होता.' पुढे 'माझा भाऊ.' मग 'आम्ही दोघं जिन्यात बसलो होतो.' मग एका सभेत वेळ कमी होता, आणि 'मी' म्हटलं. 'मी'ला टाळ्या जास्त पडतात. नंतर वेळ असतानाही 'मी'च म्हणत राहिले. टाके इतके बारीक घातले की काही दिवस मला स्वतःलाच जाळीचा गारवा कपाळाला लागल्यासारखा आठवायचा.

एवढं लिहून थांबावंसं वाटतं, पण खरं दुखणं हे नाही. चोरी तू पोटात घातली असतीस. चिठ्ठ्यांतले विनोद नऊ वर्षं घातलेसच की.

शंभराव्या अंकाचा समारंभ. तू मंचावर माझ्या शेजारच्या खुर्चीत. मी 'मी' वाली गोष्ट सांगितली. टाळ्या थांबल्यावर तू उठलास. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, तू माइकजवळ आलास. तू म्हणालास, "ति-" आणि अडकलास. "ति-, ति-". सभागृह अगदी गप्प होतं. लोक थांबायला तयार होते, हे मी मंचावरून बघत होते. पाचशे माणसं थांबायला तयार होती. मी नव्हते. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, माइक माझ्याकडे वळवला आणि हसून म्हटलं, "तिच्यामुळेच हे सगळं झालं, असं म्हणायचंय त्याला."

लोक किती प्रेमाने हसले. किती टाळ्या वाजवल्या. तू कुंचल्यांचा डबा खुर्चीवर ठेवलास आणि मधल्या वाटेने चालत गेलास. जाणारा तू, आणि 'मी जात नाही' म्हणून टाळ्या घेणारी मी.

तीन वर्षं मी लोकांना सांगते आहे की तू तऱ्हेवाईक आहेस, कलावंत असेच असतात. लेखक-चित्रकारांची संघटना मी चालवते. शाई भरणाऱ्यापासून अक्षर काढणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं मुखपृष्ठावर यावीत म्हणून मी गळा फाडते, आणि ती मागणी खरी आहे, त्यातला शब्दही मी मागे घेणार नाही. पण परवा आरशासमोर तेच भाषण घोकताना मला आपल्या गुंडाची आठवण झाली. खांबाला बांधलेला माणूस समोर, आणि आपण आपले बोलतोय.

गुरुवार, संध्याकाळ

पान गेलं.

सकाळी मीच काढलं. चित्रकला मला किती येते ते तुला माहीत आहे. माणसं म्हणजे काड्यापेटीतल्या काड्या. नव्या चित्रकाराला सांगता आलं असतं, पण मग कुणीतरी दंड काढले असते. चार चौकटी. लिफ्टची जाळी, आत गठ्ठा घेतलेली बाई. पायरीवर मुलगा. तेच वाक्य, त्यातल्या 'म-' सकट. चौथ्या चौकटीत ढाल घेऊन जिना चढणारी मुलगी, फुगा नसलेली. खाली एक ओळ: खुंटा माझ्या भावाचा आहे, चित्रही आणि वाक्यही; मी इतकी वर्षं खोटं सांगितलं.

फुग्याचं शेपूट आधी काढलं नव्हतं. बेत असा होता की पान तुला पाठवायचं आणि लिहायचं, ही रेष तू काढ. फार सुंदर वाटलं मला ते. मग अक्षरकाका आले, त्यांना दाखवलं, तर म्हणाले, "बाई, तीन हजार प्रतींवर तुकडे मी चिकटवले होते. ते काही वाचकांच्या घरी पाठवले नव्हते, तुम्हीच चिकटवा म्हणून." बरोबर होतं त्यांचं. चूक माझी आणि दुरुस्ती तुझ्या हातून, म्हणजे पुन्हा टाळ्याच मागणं. त्यांनी बोरू माझ्या हातात दिला आणि सांगितलं, शेपूट तोंडाच्या दिशेने न्यायचं, पण तोंडाला टेकवायचं नाही. मधे जरा जागा सोडायची. ती जागा बोलणाऱ्याची.

मी रेष ओढली. वाकडं आलं. पांढरा रंग लावू का म्हणून विचारलं त्यांनी. नको म्हटलं.

दुपारी आईची पट्टी सुटली. पहिल्यांदा तिने मशीनवरची धूळ पाहिली. मग पान हातभर दूर धरून बघितलं.

"हा कोण, ठिपक्या?"

"हो."

"आणि ही जिन्याने चढते ती?"

"मी."

"हो," ती म्हणाली, "तू उशिरा आली होतीस."

मालकांनी पान वाचून फोन केला. म्हणाले, खप वाढेल. मी फोन ठेवला. खुंट्याला परत आणायच्या कागदावर मी सही केलेली नाही. तो तुझा आहे. तू म्हणालास तर तो ढिगाऱ्याखालीच राहील, तिथूनही त्याला कुणी हलवू शकणार नाही.

उद्या संघटनेची सभा आहे. तिथे सांगायचं ठरवलं होतं. पण मला स्वतःची भीती वाटते. कबुलीलाही टाळ्या पडतात, आणि मला त्या कुठे पडतील हे आधीच ऐकू येतं. म्हणून बोलणार नाही. पानाची प्रत भिंतीला चिकटवणार आणि मागच्या रांगेत बसणार. बसूनच.

आता एकच राहिलं. "ति-" च्या पुढे काय होतं? 'ती खोटं बोलते' असेल. 'तिथे मी होतो' असेल. तीन वर्षांत मी त्याची वीस वाक्यं केली आहेत आणि ती सगळी माझीच आहेत. तेव्हा आता एकही लिहीत नाही.

पत्राचा शेवट तुझ्या त्या वाक्याने करायचा मोह झाला होता. केला नाही.

कळावं ते सगळं वर आलं आहे. लोभ असावा असं मागायचा हक्क आज माझ्याकडे नाही. फोन कर, चिठ्ठी पाठव, दारात येऊन उभा राहा, किंवा यातलं काहीच करू नकोस. बोललास तर कितीही वेळ घे.

मधे न बोलणारी,
ताई